बाळाचे नाक आणि माझा इस्त्रीचा शर्ट

तीर्थरूप आत्या,

दंडवत. तुझे गुडघे बरे असतील. नसले तरी मी आठवणीने विचारले, हे ध्यानात ठेव. इकडे सगळे खुशाल. (बाळाचे नाक सोडून.)

परवा दुपारी तायडीने कामावर जाताना आपले पाच महिन्यांचे बाळ माझ्या हातात दिले. "कॉलेज सोडलंयस ना? मग हे धर." मी भडकलो, पण कडेवर बाळ असताना पायही आपटता येत नाही. नाक इतके चोंदलेले, की पठ्ठ्या दोन घोट घेई आणि श्वासासाठी बाटली सोडून रडे. सकाळपासून पोटात धड काही नाही. फोनवर तू म्हणालीस नाकात तेल घाल, शेजारच्या काकू म्हणाल्या बाम चोळ. मी दोन्ही खिशात टाकून, बाळ आणि बाटली घेऊन आधी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. (तिथे कोण बसते ते तुला सांगून झाले आहे. म्हणूनच इस्त्रीचा शर्ट.)

ती म्हणाली, "तेल छातीत उतरू शकतं, बामाने एवढ्या बाळाला श्वासाचा त्रास होतो. दोन्ही ठेवा इथे." आणि मिठाच्या पाण्याचे थेंब व शेंबूड ओढून काढायचा एक रबरी फुगा दिला. पुढचे ऐकून घ्यायचे सोडून मी "माहितीये हो" म्हणत तिथल्याच बाकावर थेंब टाकले, फुगा नाकाला लावला आणि दाबला! शेंबूड बाहेर यायचा, तर हवा आत गेली. बाळ दचकले, शिंकले आणि सगळा शेंबूड माझ्या शर्टावर उडवून माझी खरडपट्टी काढली.

"अहो, फुगा आधी दाबायचा, मग नाकपुडीच्या तोंडाशी धरून हळूच सोडायचा. आत खुपसायचा नाही. दूध पाजायच्या आधी, आणि दिवसातून तीन-चारदाच. दम लागला, छाती आत ओढली जायला लागली किंवा दूधच घेईना, तर थेट डॉक्टर."

आयुष्यात प्रथमच मी कुणाचे ऐकले. फुगा सुर्रकन वाजला, बाळ क्षणभर चकित झाले, आणि मग अख्खी बाटली एका दमात! माझ्या डोळ्यांत पाणी आले. (बामाचे असेल.)

तुझा,
सुधारू लागलेला भाचा

ता. क. : मला औषधशास्त्राच्या पदविकेला प्रवेश घ्यायचा आहे. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत. बाबांशी तू बोल. मी बोललो की आम्ही दोघेही पेटतो.

ता. ता. क. : हे तिच्यासाठी नाही. निघताना ती कौतुकाने म्हणाली, "बाळाच्या आईला सांगा, नवरा चांगला मिळालाय." मी "बरं, सांगतो" म्हणून बाहेर पडलो. बाबांचे नंतर बघू. आधी तू इकडे ये आणि दुकानात जाऊन सांग, मी मामा आहे!