आधी पाणी

मंगळवार, संध्याकाळ

बाबांना अमरधामात पोचवून आलो. रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

बाबा कोळशाच्या इंजिनावर फायरमन होते. मी सातपूरला कारखान्यात बॉयलर सांभाळतो. पहिल्या दिवशी ड्युटीला निघालो तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं होतं, आधी पाणी, मग आग. बॉयलरच्या काचनळीत पाणी अर्ध्यावर दिसल्याशिवाय भट्टीला हात लावायचा नाही. वीस वर्षं रोज तेच करतोय. आणि आज पेटता टेंभा घेऊन सरळ चितेकडे निघालो. बाबांबरोबर इंजिनावर असायचे त्या शिंदेकाकांनी माझा दंड धरला.

"अरे, बापाला पाणी पाजलंस का? आधी पाणी."

मी कसा विसरलो? मी? टेंभा त्यांच्याकडे दिला, बाबांच्या ओठांवर पाणी सोडलं. मग अग्नी दिला.

घरी बाबांच्या खाटेपाशी त्यांचा काचेचा पेला तसाच आहे. काल त्यातल्याच पाण्याने गोळी घेतली होती. बायको उचलायला आली, तिला म्हटलं, राहू दे. मग वाकलो, डोळे काचेच्या रेषेत आणले आणि बघितलं, रोज बघतो तसं.

पाणी अर्ध्यावर आहे.