गाळलेल्या दोन ओळी

७ एप्रिल, मंगळ.
सकाळी शेवंतीचा, आमच्या लेकीचा, चिंचणीहून फोन. आधी मीच एकेकाची विचारपूस केली. जावईबापूंची साखर, विहीणबाईंचा गुडघा, नातीचा खोकला. सगळे बरे. मग तिने विचारलं, "आणि आई?" म्हटलं, कंबर धरलीय. फोन ठेवला.

९, गुरु.
वापीच्या डॉक्टरांनी मराठीत लिहून दिलेला कागद हिने, शेवंतीच्या आईने, वाचायला लावला. मी शाळेत गेलो नाही, पाट्या वाचत शिकलो, तरी कळायचं ते कळलं. फुप्फुसाचा कॅन्सर, कमरेच्या हाडात उतरलेला. तेवढ्या दोन ओळी गाळल्या. हाड ठिसूळ झालंय, वजन उचलू नये, एवढंच वाचलं. "बरं," म्हणाली आणि हंडा उचलायला निघाली.

१३, सोम.
दुखण्याची गोळी घड्याळ बघून द्यायची, दुखो न दुखो. वालाचं बी राखेत ठेवतो, त्यात आज अकरा गोळ्या सापडल्या!
"अगं, हे काय?"
"सगळं बी कोणी खाऊन टाकतं का? पुढं जास्त दुखलं तर?"
आणि आठवडाभर कण्हतेय.

१४, मंगळ.
एकटाच वापीला. मुळासकट जाणार नाही, दाबून ठेवता येईल, डॉक्टर म्हणाले. कमरेला शेक, म्हणजे रेडिएशन, एका दिवसाचं, दुखणं उतरेल. हाडासाठी इंजेक्शन, पण आधी हलणारा दात काढून घ्या, नंतर काढला तर जबडा भरून येत नाही. गाठीचा तुकडा तपासायला गेलाय. त्यात गोळीला जुळणारं काही निघालं तर कॅन्सरची रोजची गोळी, नाहीतर सलाइनमधून केमो.
"कुठलं करू?"
"मला काय विचारता, बाबा? त्यांना विचारा. कंबर त्यांची आहे."


१५, बुध.
ओटीवर कागद काढला. हीच म्हणाली, "त्या दिवशी अडखळलात ना, तिथलंच वाचा."
वाचलं.
काल डॉक्टर बोलले तेही सगळं सांगितलं. मग, "दात काढू देत. तसाही कामाचा नव्हता, तुमच्यासारखा." शेक घेईन म्हणाली. सलाइनचं मात्र...

१८, शनि.
तुकड्याचा रिपोर्ट अजून नाही. शेक बुधवारी. दुखण्याच्या गोळ्या आता वेळेवर घेते. शेवंतीला मेसेज केला, तो इथे उतरवतो:
"आईला कॅन्सर आहे. कंबर धरलीय म्हटलं ते अर्धंच होतं. रोजची गोळी चालणार नसेल तर सलाइन घ्यायचं की घरीच दुखणं सांभाळायचं, हे ती ठरवणार. पण आधी तुझं ऐकायचंय म्हणते. लवकर लिही. गोड करून लिहू नको. ती शेजारी बसल्याशिवाय तुझा मेसेज मी उघडणार नाही."