वरच्या ओळीसारखी

७ जून २००४, नवीन जालना
आज बियाण्यांच्या कंपनीत रुजू झाले. डोक्यावर पंखा, समोर माझा स्वतःचा कॉम्प्युटर, आणि साहेब म्हणजे काकासाहेब, जे माउसला हात लावायलाही घाबरतात. नवऱ्याने टेम्पोतून सोडलं. घरात मी त्याचं नाव घेत नाही, इथं लिहायला कोण अडवतंय? संपत.

काम प्लॉटवाल्या, म्हणजे कंपनीसाठी शेतात बियाणं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या यादीचं. शेतकरी वारला तरी इथं नाव काढत नाहीत, कै. लावून तळाशी ठेवतात, पोळ्याला कंपनीचा नारळ त्याच्या घरी जातोच. दर वेळी कै. कोण टाइप करत बसणार? मी फॉरमॅटच लावून टाकला. आता खाली नवं नाव लिहिलं की ओळ वरच्यासारखी सजते: तीच चौकट, तोच राखाडी रंग, नावाआधी आपोआप कै. साहेब बघतच राहिले.

१५ जून
अंबडकडचे कचरूभाऊ प्लॉट घ्यायला आले. गडबडीत त्यांचं नाव मी तळाशीच लिहिलं आणि कै. उमटलं. ते समोरच चहा पीत होते. बाई, जितेपणीच धाडून राह्यल्या की मला, म्हणाले आणि पोट धरून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लगेच काढलं.

१८ जून
कचरूभाऊ गेले. विहिरीवर मोटारीचा शॉक बसला.
यादी उघडली तर कै. जागच्या जागी. मी काढलं होतं. पक्कं आठवतंय.

२८ जून
प्लॉट घ्यायला आलेल्या दुर्गाबाईंचं नाव मी मुद्दाम वर, जित्या माणसांत लिहिलं होतं. तरी कै. आलं. फॉरमॅट काढला, ओळ काढली, काही उपयोग नाही. काल त्या गेल्या. साहेब म्हणतात योगायोग. दुर्गाबाईंची सून ऑफिसात येऊन रडली, मला तिच्याकडे बघवलं नाही.

२ जुलै
संपतला सगळं सांगितलं. येडी हायेस का, मशीनला काय कळतंय, म्हणाला. डोक्यावरून हात फिरवत बसला.

५ जुलै
डबा द्यायला संपत आला. मी पाणी आणायला उठले तेवढ्यात — माझी भीती घालवायला — त्याने एका बोटाने यादीच्या तळाशी स्वतःचं नाव लिहिलं. बघ, काय झालं मला, म्हणून हसला.
कै. संपत.
जाऊ नको म्हटलं. त्याचा हात सोडला नाही. वडीगोद्रीला माल टाकून जल्दी येतो म्हणाला. गेला.

५ जुलै, संध्याकाळ
ओळ काढते. परत येते. वडीगोद्रीला फोन लावला — टेम्पो आलाच न्हाई म्हणतात —
जीव तुटतोय. त्याच्याशिवाय मला काही नको —
त्याच्या खाली माझं नाव लिहिलं. येऊ दे वरच्यासारखंच. जायचं तर दोघं —
कै. आलं नाही.
हे मी कधी लावलंच नव्हतं. सकाळी मी सौ. होते. पडद्यावर — गं. भा. उषा सं—