राखेचे ब्लॉक

४ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझा ट्रक परवा पोचला. मागच्या खोलीची भिंत छातीपर्यंत चढलीसुद्धा. पण मन स्वस्थ नाही. बॉयलरची राख आणि पाडलेल्या घरांचा चुरा घालून केलेले ब्लॉक इतके स्वस्त कसे? लहानपणी माझ्या शाईत पाणी घालून तीच मला उसनी देणारा तू! हे म्हणतात, सख्ख्या भावावर संशय घेणारी मीच पहिली. घेते. माझ्या शब्दावर आमच्या हेडबाईंनी शाळेच्या दोन वर्गांसाठी तुझेच ब्लॉक ठरवलेत. तिथे माझीच पोरं बसणार. खरं काय ते कळव.

जीव लावणारी, म्हणूनच छळणारी
ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी राग आला, मग हसू. अगं, राख कारखान्याला नकोशी, राडारोडा पालिकेला नकोसा, म्हणून माल स्वस्त. त्यात काळंबेरं काही नाही. राखेचा ब्लॉक जरा उशिरा घट्ट होतो, इतकंच. अठ्ठावीस दिवस पाणी मारलं की दगड. तुझ्या भिंतीला खुशाल हत्ती बांध. शाळेचा ट्रक अठरा तारखेला निघेल. भावजींना नमस्कार.

संशय आवर, लोभ असू दे.
तुझा धाकटा

१३ मार्च

चि. धाकट्यास,

काल कोपऱ्यात बसवायला गवंडीकाकांनी एक ब्लॉक फोडला. म्हणाले, यात ना राख, ना विटेचा तुकडा. स्वच्छ वाळू आणि खडी, महागातला माल. भाऊ असावा तर असा, असंही म्हणाले. मी मात्र हा कागद ओढला. स्वतःच्या ब्लॉकवर तुझा भरवसा असता, तर बहिणीला दुसरे का पाठवलेस? माझ्या भिंतीला हत्ती, आणि शाळेच्या भिंतीला काय?

ट्रक निघायच्या आत उत्तर हवं. आशीर्वाद त्यानंतर.
ताई

१६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पकडलंस. तुझा ट्रक भरताना, घरचं काम म्हणून, हात आपोआप दुसऱ्या थप्पीकडे गेला. का गेला, हे मी स्वतःला विचारलं नाही. तुझं पत्र वाचून शाळेच्या थप्पीतले चार ब्लॉक घणाखाली घेतले. दोन टिकले. दोनांचा भुगा झाला. त्यांना पाणी जेमतेम बारा दिवस मिळालं होतं. हेडबाईंना घाई होती आणि मला काम सोडवेना.

भरलेला ट्रक मी उतरवून घेतला. नवे ब्लॉक पुरते अठ्ठावीस दिवस भिजतील, गवंडीकाका स्वतः घण घालतील, मगच शाळेत जातील. हेडबाईंना तू काही सांगू नकोस. मी सोमवारी सकाळच्या गाडीने येतोय. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, आधी सरळ शाळेतच जाईन.

राग ठेव, माया तोडू नकोस.
धाकटा