तळ्याकाठच्या गावाला हो म्हण

सूनबाई, पोरी,

तू सकाळचं पळून परत येशील तेव्हा मी दवाखान्याच्या रांगेत असेन. दूध तापवलंय, थंड झालं की झाक.

काल तू म्हणालीस, "आई, तळ्याकाठच्या गावी घर मिळतंय, राहायला जाऊ. पळायला झाडांतून मऊ मातीची वाट आहे. तुम्हीही चालाल." मी म्हणाले, "माझ्या गुडघ्यांना कुणी विचारलं?" तू हसलीस. गुडघ्यांचं निमित्त होतं गं.

माझा लेक जाऊन वर्ष होत आलं, तरी तू सकाळी पळून येतेस तेव्हा अंगणातल्या खडीवर मला तुम्हा दोघांची पावलं ऐकू येतात. त्याचा डावा पाय घासतो, तो अजून तसाच घासतो. हे घर सोडलं तर तो येईल कुठे, एवढीच धास्ती होती.

आज उठल्यावर उमगलं, तो तुझ्याबरोबर जातो आणि तुझ्याबरोबरच परत येतो. तेव्हा त्या गावाला हो म्हणून कळव.

फक्त जायच्या दिवशी दारातूनच गाडीत बसू नकोस. नाक्यापर्यंत पळत ये, सावकाश, शेवटच्या दिवसांत त्याला फार दम लागायचा. मी तिथं गाडी थांबवून ठेवते. दोघं चढलात की निघू.

आई