अकिन्यीचा आवाज

रविवार, २ नोव्हेंबर

आज पुन्हा वाजलं! उमाकांत सर आणि अकिन्यी. सरांचं म्हणणं, निधनवार्ता तीस सेकंदांच्या वर जाता कामा नये. आमची ही रियाधच्या ओलाया भागातली कंपनी आफ्रिकेतल्या छोट्या रेडिओ केंद्रांना एआयने लिहिलेल्या, एआयनेच वाचलेल्या बातम्या विकते. तिकडचे बातमीदार, निवेदक बसले घरी. त्यातलीच अकिन्यी, केनियाची. गावाकडच्या रेडिओवर लुओ भाषेत निधनवार्ता वाचायची. कंपनीने तिचा आवाज मशीनला शिकवला आणि तिला इथे त्या बातम्या तपासायला आणून बसवलं. आवाज तिकडे कामाला, बाई इकडे!

त्यांच्यात मयताबरोबर सगळ्या नातलगांची नावं वाचतात — सुना, जावई, परदेशात कोण कुठे, सगळं. "नावं गाळलीत तर आपलं माणूस गेलंय हे लोकांना कळणार कसं?" सर म्हणाले, एवढी यादी ऐकायला वेळ कोणाला आहे. खलास. तीस सेकंद म्हणजे तीस सेकंद.

बुधवार, ५ नोव्हेंबर

डबा खाताना अकिन्यी आईबद्दल बोलत होती. म्हातारी गावात एकटी. रेडिओवर लेकीचा आवाज आला की त्याच्याशी गप्पा मारायची, जेवलीस का म्हणून विचारायची. शेवटी अकिन्यीने फोनवर बजावलं — आई, ती मी नाही, मशीन आहे, त्याच्याशी बोलू नकोस. म्हातारी रुसून बसली होती म्हणे. साताऱ्याला आईला फोन करायचा राहिलाय.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दिवसभर वैताग. बाकी काही नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

अकिन्यीचे सासरे वारले. सासर तिच्या माहेरापासून बरंच लांब. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, नवा व्हायला दिलाय, त्यामुळे बिचारीला निघता येईना. सुट्टी घेऊन खोलीवर बसलीय. ऑफिसात लुओ कळणारी ती एकटीच! सर म्हणाले, "रुचिरा, आजचं तू बघून टाक." म्हटलं, सर, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तर म्हणे, मशीनचा स्कोअर हिरवा आला की पुढे ढकल.

हिरवा आला. ढकललं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

देवा, काय होऊन बसलं हे! कालच्या त्या ढिगात अकिन्यीच्या सासऱ्यांचीच निधनवार्ता होती. सुनांच्या यादीत तिचं नाव — अकिन्यी, रियाध. तीस सेकंदांत बसवताना मशीनने कापाकापी केली, सासरे गाळले, आणि रियाधची अकिन्यी वारली असं वाचलं. अकिन्यीच्याच आवाजात! इथे कामाला आलेल्या मुली शवपेटीतून परत गेलेल्या त्या गावाने पाहिल्यात. शंका कोण घेणार? तिच्या आईच्या दारात माणसं जमली. दिराच्या कानावर आलं, त्यानेच अकिन्यीला कळवलं. बाबांना माती देऊन मग जाऊन सांगतो म्हणाला. तोवर म्हातारीने काय करायचं?

संध्याकाळी दुरुस्ती जाणार — अकिन्यी जिवंत आहे. आवाज? तोच! म्हटलं, सर, निदान एवढं तरी तिला स्वतःच्या तोंडाने बोलू द्या. तशी सोयच नाही म्हणे. इतका संताप आला, आणि तरी बटण मीच दाबलं. घरी येऊन ओवीवर उगाच डाफरले. "मम्मा, व्हॉट डिड आय डू?" पोरीचं काय चुकलं होतं?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

अकिन्यीने माझ्या शेजारी बसून आईला फोन लावला. आईकडे साधा बटणांचा फोन, चेहरा दिसायची सोय नाही. अकिन्यी बोलली, रडली, पुन्हा बोलली. मग तिने फोन कानापासून काढला. आई काय म्हणाली ते मला सांगितलं.

"माझी लेक सांगून गेलीय, मशीनशी बोलायचं नाही." आणि फोन ठेवला.