तेराशे किलोंची कॅरव्हॅन आणि माझी गाडी

१२ सप्टेंबर, शुक्रवार
कॅरव्हॅन घेतली! इथली आखातातली नोकरी सोडून एक गोरा कायमचा मायदेशी चालला होता, त्याची. त्यानंच स्वतःच्या जीपनं आणून बिल्डिंगखाली सोडली. दोन बेड, सिंक, पडदे. ४ ऑक्टोबरला इरा दहा वर्षांची होते. उठल्याबरोबर खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे, एवढीच तिची मागणी. समुद्रकाठच्या सूरला नेणार. शब्द दिलाय. तेजश्रीनं विचारलं, आपली गाडी हे धूड ओढेल का? मी मेकॅनिकल इंजिनियर आहे. हे मला विचारते!

१४ सप्टेंबर
गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढायची मर्यादा साडेसातशे किलो. कॅरव्हॅनच्या दाराजवळच्या पत्र्याच्या पाटीवर तेराशे. डोकंच फिरलं. मॅन्युअल लिहिणारे घाबरट असतात, कोर्टाच्या भीतीनं निम्मंच लिहितात. गेल्या डिसेंबरात याच गाडीत तेजश्रीचं अख्खं माहेर कोंबून निझव्याला नेलं. सासरेबुवा, सासूबाई, मेव्हणा, वर चकल्यांचे डबे. गाडीनं हूं की चूं केलं नाही. आणि तेराशे हे भरल्यावरचं वजन. आपण भरणारच नाही.
निश्चय: फक्त चादरी आणि केक.

१९ सप्टेंबर
गाडीला हुक बसवला. इन्शुरन्सवाला लगेच सुरू. गाडी तपासून घ्या, हुकची नोंद मुल्कियावर, म्हणजे गाडीच्या नोंदणी कार्डावर, करा, नाहीतर क्लेम विसरा. गाडी नेली की तपासणीवाले कॅरव्हॅनही बघायला मागणार, तो पत्रा वाचणार आणि अडवणार. मग न्यायची कशाला? या देशात कागदाशिवाय शिंकता येत नाही. सूरहून आल्यावर बघू, इन्शाल्ला.

२४ सप्टेंबर
प्रसाद. तिसऱ्या मजल्यावरचा. त्याची ती रणगाड्याएवढी फोर बाय फोर माझ्या शेजारच्याच पार्किंगमध्ये. लिफ्टमध्ये म्हणाला, मी ओढतो की सूरपर्यंत, आम्हीही तंबू घेऊन येतो. म्हणजे माझ्या मुलीचा वाढदिवस याच्या गाडीला टांगायचा? नको म्हटलं. तंबू आणायचा तर आण, रस्ता सगळ्यांचा आहे. तेजश्री म्हणाली, ओढू दे की त्याला. हल्ली तिला कोणाचं म्हणणं पटतं ते दिसतंच आहे.

२ ऑक्टोबर, दसरा
वाहनपूजा. झेंडू रुवीच्या बाजारातून आणला. कॅरव्हॅनच्या मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत घसघशीत हार. इरानं कुंकवाचं स्वस्तिक काढलं, मी नारळ फोडला. फार छान वाटलं.
मग तेजश्रीनं भरायला घेतलं. कुकर, सिलिंडर, तांदूळ, पाण्याचे कॅन, गाद्या, मिक्सर. समुद्रावर मिक्सर कशाला, विचारलं. चटणी मलाच लागते म्हणाली. लागते. पण मुद्दा तो नव्हता.
संध्याकाळी जोडून बघितली. गाडीचं बूड जमिनीला, नाक वर. पाच मिनिटांत उपाय काढला: जड सामान सगळं कॅरव्हॅनच्या मागच्या टोकाला. गाडी एकदम सरळ. प्रसाद गॅलरीतून बघत होता. खाली येऊन म्हणाला, मागे वजन टाकलंस तर चालताना झुलेल, चाकांवर ठेव आणि थोडं पुढे. याला कोणी विचारलं होतं? एसीचे डक्ट मी डिझाईन करतो, हा बँकेत बसतो.

३ ऑक्टोबर. रस्त्याच्या कडेला.
उतारावर बाजूनं एक ट्रक गेला आणि कॅरव्हॅन झुलायला लागली. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, पण गाडी ती चालवत होती. ब्रेक दाबला तर आणखी झुलली. इरा किंचाळली. कसाबसा कडेला लागलो.
मागे पोलीस. पहिला प्रश्न, ब्रेक लाइट कुठे आहेत? झेंडूच्या मागे. नंबर प्लेट? तीही. फेस्टिव्हल आहे म्हटलं. मुबारक म्हणाला. मग दाराजवळचा पत्रा वाचला, मुल्किया बघितलं, हुकची नोंद शोधली. खलास. ही जोडी इथून पुढे जाणार नाही, ओढून न्यायला रिकव्हरी बोलवा.
आधी त्या ट्रकवाल्याला धरायला हवं होतं. त्याचं कोणी नाव घेतलं नाही.
तेवढ्यात मागून तंबू घेऊन प्रसाद आलाच. तेजश्रीनं केक, कुकर, मिक्सर त्याच्या डिकीत हलवले, स्वतःही तिकडेच बसली. मी दार उघडून इराला म्हटलं, बस बेटा, बाबा काहीतरी करतो. ती प्रसादच्या गाडीत जाऊन बसली.
रिकव्हरीवाल्यानं माझी गाडी पाठीवर घेतली आणि कॅरव्हॅन मागे जोडली. मी त्याच्या शेजारी. परतीच्या रस्त्यात काहीही झुललं नाही. त्याचाही रागच आला.

४ ऑक्टोबर, सकाळ
ठरल्याप्रमाणे कॅरव्हॅनमध्येच झोपलो. बिल्डिंगखाली. गाद्या उत्तम आहेत.
इराचा फोन. उठल्याबरोबर समुद्र दिसला म्हणाली. प्रसादकाकानं तंबूचं दार मुद्दाम तिकडे केलं होतं. मी हॅपी बर्थडे म्हटलं. मग डोळे पुसले. आत धूळ फार आहे.
मग इंग्रजी सोडून तिनं अडखळत मराठीत विचारलं, बाबा, तुझ्या खिडकीतून काय दिसतं?
पडदा सरकवला. प्रसादच्या गाडीची जागा. रिकामी.
अजून बघितलं नाही म्हणून सांगितलं.